कांदो कोणी चिरल्यान?

यंदा गणपतीत वेंगुर्ल्याला आजोळी होतो. रात्री आरत्या-भजनं आटोपल्यावर मामाच्या फर्माइशीवरून 'ट्रेनरेक: पूप क्रूझ' लावला. मामा चौदा वर्षं क्रूझ जहाजांच्या गॅलीत, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात, होता. आता घराला लागूनच खानावळ चालवतो. नेटफ्लिक्सचा हा पंचावन्न मिनिटांचा माहितीपट जून २०२५ मध्ये आला, तेव्हापासून त्याच्या जुन्या जहाजी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरचे विनोद फिरत होते. पडद्यावर वीज गेल्यानंतरच्या जेवणाची, रांगांची, उपासमारीची गोष्ट चालू होती. मी मध्येच माझं ज्ञान पाजळलं की तेव्हाच्या बातम्यांत लोकांना कांद्याचं सँडविच मिळाल्याचं छापून आलं होतं. मामाने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "कांदो कोणी चिरल्यान?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. एसी बंद, एक्झॉस्ट बंद, पाणी नाही, दिवा इमर्जन्सीचा, आणि तीन हजार माणसांचं खाणं थंडच द्यायचंय. म्हणजे कुणीतरी त्या काळोख्या भट्टीत बसून पोत्यांनी कांदे सोलले असणार. मामाच्या दृष्टीने गोष्ट तिथे होती. माहितीपटाच्या दृष्टीने ती रांगेत उभ्या असलेल्या माणसापाशी होती.

मामीने सिनेमा अर्ध्यावर सोडला. का सोडला ते पुढे सांगतो, कारण या माहितीपटाबद्दल मला जे म्हणायचंय ते बरंचसं तिच्याकडून आलेलं आहे.

आधी घटना. 'कार्निव्हल ट्रायम्फ' हे १९९९ सालचं, जवळजवळ पावणेतीनशे मीटर लांबीचं जहाज. ७ फेब्रुवारी २०१३ रोजी ते टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून मेक्सिकोच्या कोझुमेलला निघालं. चार दिवसांची सहल. ३,१४३ प्रवासी, १,०८६ कर्मचारी. परतीच्या वाटेवर, १० तारखेच्या पहाटे, मागच्या इंजिनखोलीत आग लागली. सहा नंबरच्या जनरेटरला जोडलेल्या एका लवचीक नळीतून डिझेल गळत होतं, ते तापलेल्या भागावर पडलं. आग विझली, कुणाला इजा झाली नाही, पण वीज गेली ती गेलीच. अशा जहाजात पंखे फिरवणाऱ्या मोटारींपासून पोळ्या शेकणाऱ्या ओव्हनपर्यंत सगळं त्याच जनरेटरांवर चालतं. संडाससुद्धा. जहाजावरचे संडास विमानातल्यासारखे हवेच्या दाबाने ओढून घेणारे असतात, त्यांच्या पंपांना वीज लागते. ती नसली की बटण दाबून काहीच होत नाही. मग प्रवाशांना लाल पिशव्या वाटल्या गेल्या. माहितीपटाचं नाव तिथून आलंय.

पुढची इंजिनखोली शाबूत होती, तरीही जहाज उठलं नाही. आगीने केबल जळल्या होत्या. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुठल्याही माणसाला हे वाचून पोटात गोळा येईल. दोन मशिनं आहेत, एक पडलं तर दुसरं घेईल, असं आपण आकृतीत काढतो आणि दोन्हींची वायर एकाच भिंतीतून गेलेली असते. जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना, एक भाग जळाला तरी स्वतःच्या बळावर बंदरात परतता आलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ट्रायम्फ त्याआधीचं. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २०१० साली याच कंपनीचं 'स्प्लेंडर' मेक्सिकोजवळ असंच बंद पडलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच समूहाचं 'कोस्टा अलेग्रा' हिंदी महासागरात बंद पडलं आणि एका फ्रेंच मासेमारी बोटीने ते ओढत सेशेल्सला नेलं.

यातलं फार थोडं या माहितीपटात येतं. मला त्याची फारशी तक्रार नाही. 'ट्रेनरेक' ही मालिकाच मुळी 'बघा काय फजिती झाली' छापाची आहे. याच मालिकेत एरिया ५१ वर धाव घेणाऱ्या जमावाचा भाग आहे, फुग्यात मुलगा अडकल्याची आवई उठली त्याचा भाग आहे. दिग्दर्शक जेम्स रॉस यांना नेमून दिलेलं काम ते चोख करतात. मुलाखती चटपटीत आहेत, प्रवाशांनी फोनवर काढलेली हलती-डुलती दृश्यं नेमकी पेरली आहेत, आणि पंचावन्न मिनिटांत एकदाही हात फोनकडे जात नाही. माणसंही छान निवडली आहेत. लग्नाआधीची मजा करायला निघालेल्या मैत्रिणी, होणाऱ्या सासऱ्याबरोबर आलेला बिचारा जावई, बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला बाप. कर्मचाऱ्यांपैकी क्रूझ डायरेक्टर, एक बारटेंडर आणि आपल्याकडून गेलेला एक स्वयंपाकी. कंपनीची जनसंपर्काची बाजू सांभाळणारा माणूससुद्धा बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलतो. फुकट दारू वाटायचा निर्णय आणि त्यानंतर डेकवर जे झालं तो भाग तर एखाद्या प्रहसनासारखा रंगतो.

मग खटकतं काय? तर या गोष्टीत जहाजाला किनाराच नाही.

म्हणजे जहाज शेवटी अलाबामातल्या मोबील बंदराला लागतं, तो किनारा आहे. पण चार दिवस किनाऱ्यावर थांबलेली माणसं माहितीपटात जवळपास पार्श्वसंगीतासारखी आहेत. बातम्यांचे तुकडे येतात, हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं येतात, डेकवरच्या गाद्या आणि चादरींचे तंबू दिसतात, आणि कॅमेरा झपकन पुन्हा आत जातो. कारण शी आत आहे.

पण विचार करून बघा. तो हेलिकॉप्टरचा शॉट नक्की कुणासाठी होता? प्रवाशांना त्यांचं जहाज वरून कसं दिसतं हे बघायची गरज नव्हती. तो बघत होते घरचे. टेक्सासमधल्या कुठल्याशा हॉलमध्ये बसलेली बायको त्या ठिपक्याएवढ्या माणसांत आपला नवरा शोधत होती. सीएनएनने त्या आठवड्यात ही बातमी जवळजवळ अखंड चालवली, त्यावरून त्या वाहिनीची भरपूर टिंगलही झाली. टिंगल योग्यच होती. तरी ज्यांचं माणूस त्यावर होतं त्यांच्यासाठी ती टिंगल नव्हती. त्यांनी टीव्ही बंद केला नसेल.

या सगळ्या घटनेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रसंग फोनचा आहे. जहाजावर मोबाइल चालतो तो जहाजाच्या स्वतःच्या छोट्या टॉवरमुळे. फोन त्या टॉवरला जोडतो, टॉवर उपग्रहाला. वीज गेली की टॉवर गेला. चार हजार माणसांच्या खिशात फोन आणि सगळे मुके. मग त्याच कंपनीचं दुसरं जहाज जेवणाचं सामान घेऊन शेजारी येऊन थांबलं आणि त्याच्या टॉवरची रेंज ट्रायम्फवरच्या काही फोनना मिळू लागली. लोक त्या बाजूच्या कठड्याला येऊन हात उंच करून उभे राहिले. ज्यांना लागला त्यांनी घरी फोन केले. जगाला आतली हकीकत कळली ती या उधारीच्या रेंजमुळे. सामान उतरवून ते जहाज निघून गेलं आणि रेंजही गेली.

आता हाच प्रसंग दुसऱ्या टोकाकडून बघा. दीड दिवस काही कळलेलं नाही. अचानक फोन वाजतो. पलीकडे मुलगी रडतेय, अर्धी वाक्यं तुटतायत, ती काहीतरी पिशव्यांबद्दल बोलतेय. फोन कटतो. पुन्हा लावला तर लागत नाही. आणि आता कळल्यावरचे तीन दिवस आधीच्या न कळण्यापेक्षा वाईट जाणार आहेत. यावर एक अख्खा सिनेमा होऊ शकला असता. इथे ती माहिती आहे, प्रसंग नाही.

आमच्याकडे तसला फोनसुद्धा आला नव्हता. मी दहावीची परीक्षा देऊन आजोळी आलो होतो, तेव्हाची गोष्ट. मामा ज्या जहाजावर होता ते काही एवढं मोठं नव्हतं, त्याचं नाव सांगण्याचं कारण नाही. त्याचं इंजिन बंद पडलं आणि तीन दिवस ते पाण्यावर लोळत राहिलं. कुठल्या वाहिनीने हेलिकॉप्टर पाठवलं नाही. मामीला कळलं ते गोव्यातल्या एका जहाजी मित्राच्या बायकोकडून, तिला कळलं होतं तिच्या भावाकडून. अंधेरीतल्या एजंटच्या ऑफिसात, ज्यांनी मामाला कामाला लावलं होतं, मामी दिवसातून दोनदा फोन करायची, दहाला आणि चारला. तिकडचा मुलगा अतिशय नम्र होता. प्रत्येक वेळी म्हणायचा, "मॅडम, ऑल क्रू सेफ." दुसऱ्या दिवशी चारच्या फोनला मामी म्हणाली, "ऑल म्हणजे कोण? नाव घेऊन सांगा." तो गप्प झाला. मग म्हणाला, "मॅडम, लिस्ट आली की सांगतो." आजीचा प्रश्न एकच असायचा, फोन ठेवला की: "जेवलो काय तो?" आणि मामी चिडून म्हणायची, "तोच रांधता सगळ्यांका, त्याका कोण उपाशी ठेवता?"

मला घरात हुशार समजत, म्हणून मला सायबर कॅफेत पिटाळलं. जहाजांचे ठिपके नकाशावर दाखवणारी साइट मला तेव्हा सापडली. प्रत्येक जहाज दर काही सेकंदांनी आपलं नाव, जागा, वेग हवेत फेकत असतं, आणि किनाऱ्यावरच्या अँटेना ते झेलतात. त्यांना ऐकू येतं साधारण चाळीस-पन्नास सागरी मैलांपर्यंतचं. मामाचं जहाज सापडलं. वेग शून्यासारखाच. अवस्थेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नॉट अंडर कमांड'.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने याचा अर्थ काय लावावा? मला वाटलं कॅप्टन मेला. किंवा चाच्यांनी जहाज घेतलं, तेव्हा सोमाली चाच्यांच्या बातम्या सारख्या यायच्या. मी घरी सांगितलं नाही. रात्रभर जागा होतो. ही साधी नौकानयनाची संज्ञा आहे हे नंतर कळलं. काही बिघाडामुळे ज्या जहाजाला स्वतःहून बाजूला सरता येत नाही, ते असं जाहीर करतं. दिवसा दोन काळे गोळे टांगतं, रात्री दोन लाल दिवे लावतं. म्हणजे बाकीच्यांनी वळून जावं. दुसऱ्या दिवशी कॅफेत गेलो तर ठिपका तिथेच होता, पण खाली लिहिलं होतं की शेवटचा सिग्नल एकोणीस तासांपूर्वीचा. जहाज वाहत अँटेनांच्या टप्प्याबाहेर गेलं होतं. म्हणजे आदल्या रात्री मी ज्याच्याबद्दल जागत होतो ते तिथे नव्हतंच.

मामीने 'पूप क्रूझ' अर्ध्यावर सोडला तो इथे. पडद्यावर दुसरा दिवस उजाडला, मग पटकन तिसरा. ती म्हणाली, "ह्यांचे दिवस भारी लवकर जातत," आणि नैवेद्याची भांडी आवरायला उठली.

मला वाटतं समीक्षा म्हणून यापेक्षा नेमकं काही म्हणता येणार नाही, पण मला शब्दसंख्या भरायची आहे, म्हणून थोडं पुढे जातो. माहितीपट बनतो उपलब्ध दृश्यांतून. जहाजावर तीन हजार कॅमेरे होते. वाट पाहण्याचं चित्रण कुणी करत नाही. मामीचा फोन कानाला लावलेला फोटो कुणाकडे नाही. म्हणजे दोष पूर्णपणे दिग्दर्शकाचा नाही, साधनाचाही आहे. पण मग ज्यांनी ही अडचण ओळखून काम केलं त्यांच्याकडे बघावं लागतं.

टोबियास लिंडहोल्म यांचा 'अ हायजॅकिंग' हा २०१२ चा डॅनिश सिनेमा. काल्पनिक गोष्ट आहे, आणि जहाज बंद पडलेलं नसून सोमाली चाच्यांनी धरलेलं आहे. पण अडकलेलं जहाज आणि किनाऱ्यावरची माणसं यांच्याबद्दल एवढा अचूक सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. योगायोगाने त्याचाही नायक जहाजावरचा स्वयंपाकी आहे. लिंडहोल्म यांची सर्वांत धाडसी गोष्ट ही की प्रत्यक्ष अपहरण ते दाखवतच नाहीत. आपण कोपनहेगनच्या ऑफिसात असतो, बातमी येते, बस्स. म्हणजे प्रेक्षकाला तेवढंच कळतं जेवढं किनाऱ्यावरच्या माणसाला कळलं. त्यानंतर सिनेमा दोन ठिकाणांमध्ये ये-जा करतो, पण आपल्याला हवं तेव्हा नाही. फोनवर गोळीचा आवाज येतो आणि आपण ऑफिसातच असतो, कुणाला लागली ते बघायला जहाजावर जायची परवानगी नाही. सॅटेलाइट फोनवर बोलण्यात जी क्षणभराची रखडण असते ती कापलेली नाही. माणूस बोलतो, थांबतो, आपला स्वतःचाच आवाज परत ऐकतो. कामगारांच्या घरच्यांना कंपनीचा प्रमुख समोर बसवून धीर देतो ते प्रसंग मला सर्वांत भयंकर वाटतात, कारण तो खोटं बोलत नाही. तो अंधेरीच्या त्या मुलासारखाच बोलतो.

'पूप क्रूझ' मध्ये हे करता आलं नसतं का? आलं असतं. बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहेच. ती काय बघत होती हे जेवढं आपल्याला कळतं, तेवढा वेळ तिच्या घरच्या माणसांना दिला असता, आणि मधल्या अर्ध्या तासात आपल्याला जहाजावर जाऊच दिलं नसतं, तर लाल पिशव्यांचा विनोद विनोदच राहिला असता आणि तो ऐकताना घशात अडकलाही असता. किनाऱ्यावर घटनाही कमी नव्हत्या. आधी सांगितलं गेलं की जहाज मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदरात नेणार. मग प्रवाहाने ते उत्तरेला वाहून गेलं, आणि बऱ्याच प्रवाशांकडे पासपोर्टही नव्हते, म्हणून ठरलं मोबील. घरच्यांनी त्याप्रमाणे गाड्या काढल्या. शेवटच्या दिवशी ओढायचा दोर तुटला आणि पुन्हा तास वाढले. १४ फेब्रुवारीच्या रात्री नऊनंतर जहाज धक्क्याला लागलं, शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. तिथून न्यू ऑर्लिन्सला निघालेल्या बसपैकी एक रस्त्यात बंद पडली. हे कुठल्याही पटकथाकाराने लिहिलं तर अति वाटेल.

जाता जाता: ट्रायम्फला ओढणाऱ्या टगपैकी एकाचं नाव 'दाभोळ' होतं. वाशिष्ठीच्या मुखावरचं आमचं दाभोळ. मामाला सांगितलं तर तो पहिल्यांदा खुलला आणि ती बातमी ताबडतोब त्याच्या ग्रुपवर गेली.

दुसरं उदाहरण माहितीपटाचंच आहे. 'द लास्ट क्रूझ' हा हॅना ओल्सन यांचा २०२१ चा एचबीओवरचा चाळीस मिनिटांचा पट, 'डायमंड प्रिन्सेस'बद्दलचा. हे जहाज बंद पडलं नव्हतं, बंद केलं गेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये करोनामुळे योकोहामाला अडकवून ठेवलेलं, ३,७११ माणसं, त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. ओल्सन यांच्याकडेही लोकांनी फोनवर काढलेली दृश्यंच आहेत. पण त्यांनी ती दोन ढिगांत लावली आहेत. एकीकडे बाल्कनीच्या खोलीतले प्रवासी, त्यांच्या दारात येणारे ट्रे. दुसरीकडे पाण्याच्या पातळीखालच्या खोल्या, सामायिक जेवणघर आणि ट्रे भरणारे हात. विलगीकरण प्रवाशांचं होतं, कर्मचारी कामावर होते. निवेदकाने ओरडून सांगायची गरज पडत नाही, दोन फोनमधली दृश्यं शेजारी ठेवली की झालं. मामाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं.

त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. गॅलीत काम करणाऱ्या एका बंगाली मुलाने केलेला व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरला होता. मागे सहकारी मास्क लावून उभे आणि हा पंतप्रधानांना विनवतोय की आम्हाला बाहेर काढा. मामीने तो व्हिडिओ मला पाठवला होता, खाली काहीही न लिहिता. ती एरवी प्रत्येक फॉरवर्डखाली काहीतरी लिहिते. २७ फेब्रुवारीला ११९ जण एअर इंडियाच्या विमानाने परतले. त्यानंतर दोन महिन्यांत तर 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी मुंबईच्या समोर समुद्रात अडकून राहिले होते, उतरायची परवानगी नाही म्हणून. म्हणजे घरच्यांना किनाऱ्यावरून कदाचित दिवे दिसले असते. पण लॉकडाउन होतं, किनाऱ्यावर जायला बंदी होती.

आता पुन्हा 'पूप क्रूझ' मधल्या त्या भारतीय स्वयंपाक्याकडे येतो. माहितीपटातलं सर्वांत गाजलेलं वर्णन त्याचं आहे. तुंबलेल्या संडासात शी आणि कागदाचे थर कसे चढत गेले होते, हे तो खाण्याच्या एका पदार्थाची उपमा देऊन सांगतो. मी सांगत नाही, रात्रीचं जेवण झालेलं नसेल तुमचं. तो बोलतो फार छान, हसरा आहे, आणि दिग्दर्शकाने ते ओळखून त्याला भरपूर जागा दिली आहे. पण ती जागा विनोदाची आहे. सिनेमा त्याच्या घरापर्यंत जात नाही. प्रवाशांच्या मागे प्रत्येकाला एक नातं दिलेलं आहे, होणारी बायको, मुलगी, मैत्रिणी. कर्मचाऱ्यांच्या मागे काम दिलेलं आहे. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो लहान नाही. कारण घरी वाट पाहणारं कुणी असणं हीच प्रवाशांची करुणा आहे, सिनेमा तीच वापरून आपल्याला पकडून ठेवतो, आणि ती १,०८६ माणसांना लागू करायची त्याला आठवण होत नाही.

आणि त्यांची वाट तर प्रवासी उतरले तेव्हा संपलीच नव्हती. प्रवाशांना पैसे परत, वर पाचशे डॉलर आणि पुढच्या सहलीची सूट मिळाली. काही जण न्यायालयात गेले. तिथे कंपनीने अशी भूमिका घेतली की तिकिटाच्या करारात सुरक्षित प्रवासाची, धड जहाजाची किंवा चांगल्या अन्नाची हमी दिलेलीच नाही. माहितीपटाला असल्या गोष्टीत रस आहे, कारण त्यात खलनायक मिळतो. पण जहाज मोबीलच्या गोदीत दुरुस्तीला उभं होतं तेव्हा, ३ एप्रिल २०१३ रोजी, सोसाट्याच्या वाऱ्याने त्याचे दोर तुटले आणि ते नदीत भरकटलं. त्या वेळी त्यावर सुमारे ८०० माणसं होती, कंत्राटी कामगार आणि जवळपास २०० कर्मचारी. गोदीतल्या एका पहारेकऱ्याचा त्यात मृत्यू झाला. तीच माणसं, तेच जहाज, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा सुटलेलं. कुणाच्या तरी घरी पुन्हा फोन फिरवले गेले असणार. त्याला पूप नाही, म्हणून क्रूझही नाही.

माझ्या व्यवसायाची एक गोष्ट कबूल करतो. आमची सिस्टिम बंद पडली की ग्राहकांसाठी एका पानावर मजकूर टाकावा लागतो. आठवड्याची पाळी असते, माझी आली की मी टाकतो. 'आम्हाला अडचणीची कल्पना आहे. तपास सुरू आहे. पुढची माहिती तीस मिनिटांत.' तीस मिनिटांनी काहीच कळलेलं नसतं, तरी तेच वाक्य शब्द फिरवून टाकायचं, कारण पान शांत राहिलं की लोक घाबरतात. आमच्याकडे फार तर कुणाचं पेमेंट अडकतं. कंपनीची बाजू सांभाळणारा माणूस पडद्यावर त्या आठवड्याबद्दल बोलू लागला तेव्हा मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्याचं काम ओळखीचं वाटलं. अंधेरीच्या मुलाचंही, इतक्या वर्षांनी. त्याच्याकडे यादी नव्हती, पण दर वेळी फोन तो उचलत होता.

माहितीपटातल्या या माणसाला कुणी विचारलं नाही की तुम्हाला त्या चार दिवसांत घरच्यांचे किती फोन आले, आणि त्यांतला एखादा लक्षात आहे का. मुलाखतकाराने विचारलं असेल आणि संपादनात गेलं असेल, तर ती कापलेली फीत बघायला मला आवडेल.

मामाचं जहाज तिसऱ्या रात्री ओढून नेलं. यादी चौथ्या दिवशी आली, त्यात त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, म्हणून मामीने मुंबईला पुन्हा फोन केला. तो घरी आला पाच महिन्यांनी, करार संपल्यावर. मधल्या काळात जहाज दुरुस्त होऊन पुन्हा सहलीला लागलं होतं. आल्यावर आजीने विचारलं, काय झालं होतं? तर म्हणाला, "काय नाय, पाणी नव्हता." यंदा सिनेमा संपल्यावर मी पुन्हा विचारलं. तो बराच वेळ अंगणाकडे बघत होता. मग म्हणाला की फ्रीझर बंद पडले तेव्हा पहिल्यांदा कोळंबी समुद्रात टाकली, पेट्याच्या पेट्या, आणि ती टाकताना सगळ्यांना फार वाईट वाटलं. मग आतून मामीने हाक मारली, उद्याच्या प्रसादाला नारळ किती फोडायचे.